‘परदेशी पैसा’ हा आरोप कागदावर कसा तपासावा

गोव्यातल्या एका गावची रविवारची ग्रामसभा. विषय जमीन रूपांतराचा, पण तासाभरात गाडी भलत्याच रस्त्याला लागते. मागच्या रांगेतला एकजण उठतो, मोबाईल उंच धरतो आणि ओरडतो, “हांकां पयशे खंयच्यान येतात तें पयलीं सांगात!” (यांना पैसे कुठून येतात ते आधी सांगा!) टाळ्या पडतात. आरोप ज्या संस्थेवर, तिचा माणूस तावातावाने म्हणतो, “सिद्ध कर!” सिद्ध कोणीच करत नाही. सरपंच पुढचा विषय घेतात आणि संध्याकाळी तोच व्हिडिओ तीन तालुक्यांत फिरतो.

खाणी, मोलेच्या जंगलातले प्रकल्प, कोळसा, प्रादेशिक आराखडा, शाळेचे माध्यम. वाद कुठलाही असो, ‘यांच्यामागे बाहेरची शक्ती आहे’ हे वाक्य कधी ना कधी येतेच. ते खरे असू शकते, खोटेही असू शकते. असे आरोप तपासायला लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात तेव्हा दिसते की चुका बहुतेक क्रमाच्या असतात. आधी निष्कर्ष, मग फॉरवर्ड, मग माहिती अधिकाराचा अर्ज आणि सगळ्यात शेवटी, काढलाच तर, संस्थेचा हिशेब. खाली हा क्रम सरळ लावला आहे. पत्रकार, पंचायतीचे पंच, संस्थेचे कार्यकर्ते आणि आरोप करणारे, चौघांनाही तो चालेल.

## आधीची तयारी

एक शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधली नोंद चालत नाही, कारण चार महिन्यांनी वकील विचारतो, “हे कधी कळले?” आणि आपण स्क्रोल करत बसतो. पहिल्या पानावर आरोप जसा केला गेला तसाच, अवतरणचिन्हांत उतरवा. कोणी केला, कुठे, कोणत्या तारखेला, तेही लिहा. फॉरवर्ड असेल तर त्याची छापील प्रत चिकटवा.

मग तोच आरोप आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहून पाहा. ‘अमुक संस्थेने अमुक वर्षी अमुक देशातून पैसे घेतले आणि त्यातून अमुक आंदोलन चालवले.’ यातल्या ‘अमुक’च्या जागा भरता येत नसतील तर तुमच्या हातात अजून आरोप नाही, नुसता सूर आहे. तरी वही बंद करू नका, पण कोणाचे नाव घेऊन बोलूही नका.

## पायरी १: आरोपाचे तीन तुकडे करा

‘परदेशी पैसा’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे दावे दडलेले असतात:

१. संस्थेला परदेशातून पैसा आला.
२. तो नियम मोडून आला किंवा नियम मोडून खर्च झाला.
३. त्या पैशामुळे संस्थेची राजकीय भूमिका ठरली किंवा बदलली.

वहीत तीन रकाने आखा. मिळेल तो प्रत्येक कागद यांपैकी एकाच रकान्यात जातो. गोव्यातले नव्वद टक्के भांडण होते ते पहिल्या रकान्यातला कागद तिसऱ्या रकान्याचा पुरावा म्हणून फडकावला जातो म्हणून. (नव्वद हा आकडा माझ्या चिडीचा, मोजलेला नाही.) परदेशी देणगी घेणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. परकीय योगदान नियमन कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, मुळात १९७६चा. आताचा २०१०चा असून १ मे २०११पासून लागू आहे. तो अशा देणगीसाठी नोंदणी, खाते आणि हिशेबाची पद्धत घालून देतो.

सावधान: तिसरा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला तर तो रिकामाच छापायचा. तिथे ‘संशय आहे’ असे भरायचे नाही.

## पायरी २: ‘परदेशी’ कोण, हे पासपोर्टवरून ठरवा

ही पायरी गोव्यात जितकी महत्त्वाची तितकी शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकात क्वचितच असेल. म्हणून इथे जरा थांबू.

देणगीदार राहतो कुठे, याला कायद्यात महत्त्व नाही. महत्त्व आहे नागरिकत्वाला. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या म्हापशेकराने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे ‘परकीय योगदान’ ठरत नाहीत. उलट पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोंयकार, मग तो इंग्लंडमधल्या स्विंडनला असो, लिस्बनला असो की सुट्टीवर मडगावला आलेला असो, कायद्याच्या भाषेत परकीय स्रोत आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) असले तरीही. रक्कम त्याने रुपयांत दिली, तुमच्याच वाड्यावर बसून दिली, तरी फरक पडत नाही.

आता आपल्याच अंगणात पाहू. आमच्या भागातल्या एका जत्रेच्या नाटकाचे हस्तपत्रक माझ्याकडे आहे. गुलाबी कागद. वर देवाचे नाव, खाली नाटकाचे नाव, त्याखाली पात्रपरिचय आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात ‘विशेष सहकार्य’. त्यात चार नावे, त्यांतल्या दोघांपुढे कंसात ‘यूके’. मंडळाची एफसीआरए नोंदणी नाही. त्या दोघांचे पासपोर्ट कोणते हे मंडळाने कधी विचारलेही नसेल. आणि याच मंडळातले दोघे ग्रामसभेत दुसऱ्या संस्थेला ‘परदेशी पैसा’ म्हणून झोडपत होते. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. पण फुटबॉल क्लब असो, फेस्ताची समिती असो, देवस्थानचे मंडळ असो की पर्यावरणवाल्यांचा गट असो, कायदा सगळ्यांना सारखाच.

या पायरीवर होणाऱ्या नेहमीच्या चुका:

- पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंदणी केली म्हणजे माणूस परदेशी झाला, असे परस्पर ठरवणे. नोंदणी, राष्ट्रीय ओळखपत्र आणि पासपोर्ट या वेगळ्या पायऱ्या आहेत आणि यावरून गोव्यातल्या आमदारांपर्यंतचे वाद न्यायालयात गेलेले आहेत. पासपोर्टचा स्पष्ट पुरावा नसेल तर तिथेच थांबा.
- नातेवाइकांच्या पैशाला देणगी समजणे. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकाकडून व्यक्तीला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत सरकारला न कळवता घेता येतात. जुलै २०२२पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. त्यावर गेल्यास तीन महिन्यांत कळवायचे. ही सवलत व्यक्तीला आहे, संस्थेला नाही.
- फीला देणगी म्हणणे. परदेशी माणसाने नेहमीच्या व्यवहारात सेवेचे किंवा मालाचे पैसे दिले तर ते परकीय योगदानात येत नाहीत.
- फक्त नोटा मोजणे. वस्तूही योगदानात येते. परदेशी संस्थेने दिलेला कॅमेरा किंवा संगणकही त्यात येऊ शकतो.

तपासा: देणगीदार व्यक्ती आहे की संस्था? व्यक्ती असेल तर देणगीच्या दिवशी तिचे नागरिकत्व कोणते होते?

## पायरी ३: संस्था नेमकी तीच आहे ना?

गोव्यात सारख्या नावांची काही कमी नाही. एकाच संताच्या नावाने सोसायटी, ट्रस्ट, शाळा आणि वसतिगृह असू शकते. ‘गोवा’, ‘मंच’, ‘अभियान’, ‘फोरम’ या शब्दांच्या तर किती जोड्या फिरतात! त्यातून आंदोलनाचे नाव हे बऱ्याचदा नोंदलेल्या संस्थेचे नावच नसते. ते बॅनर असते. बॅनरला बँक खाते नसते, नोंदणी नसते आणि म्हणून एफसीआरएही नसते. बॅनरमागे कोणत्या नोंदलेल्या संस्था आहेत, हे आधी शोधावे लागते.

तीन ठिकाणी पाहा. सोसायटी असेल तर जिल्हा निबंधकांचे कार्यालय: नोंदणी क्रमांक, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी. कंपनी कायद्याच्या कलम ८खालची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिचे जाहीर दस्तऐवज थोड्या फीत उघडता येतात. आणि नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर संस्थेने स्वतः दिलेली माहिती असते.

यांपैकी जिथे जिथे संस्था सापडेल तिथला पत्ता आणि पदाधिकारी जुळले की मगच पुढे. एकदा एका शेतकरी गटावर आरोप करणाऱ्याने माझ्यासमोर जो तक्ता ठेवला, त्यातली संस्था साष्टीतल्या नन्सचा अनाथाश्रम निघाली. नावातले पहिले दोन शब्द सारखे होते, बस्स. तो तक्ता तोवर दोन ग्रामसभांत वाचून दाखवला गेला होता.

सावधान: एखाद्या पदाधिकाऱ्याचा दुसऱ्या संस्थेशी संबंध आहे म्हणून त्या दुसऱ्या संस्थेचे पैसे पहिलीच्या खात्यावर मांडू नका. संबंध वहीत नोंदवा, रक्कम वेगळी ठेवा.

## पायरी ४: नोंदणीची आजची स्थिती काढा

गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर राज्य आणि जिल्हा निवडून नोंदणीकृत संस्था पाहता येतात. नावापेक्षा नोंदणी क्रमांकाने जुळवा. पान उघडले की त्याची छापील प्रत काढा आणि तारीख टाका.

इथे तीन शब्दांची गल्लत होते. नोंदणी ‘रद्द’ होणे म्हणजे सरकारने कारवाई करून काढून घेणे. ती झाली की तीन वर्षे पुन्हा नोंदणी नाही. ‘निलंबित’ म्हणजे चौकशी चालू असताना तात्पुरती थांबवणे. आणि ‘संपुष्टात आली’ म्हणजे पाच वर्षांची मुदत उलटली आणि नूतनीकरण झाले नाही. १ जानेवारी २०२२ला देशभरातल्या सुमारे सहा हजार संस्थांची नोंदणी अशीच एका रात्रीत यादीतून गेली आणि त्यांतल्या बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड मात्र ‘मोदी सरकारने सहा हजार देशद्रोही संस्था बंद केल्या’ असा फिरला. तीनपैकी नेमका कोणता शब्द लागू आहे, ते पोर्टलवरूनच उचला.

गुप्तचर अहवालात नाव असणे ही नोंदणीची स्थिती नव्हे, हेही इथेच सांगतो. जून २०१४मध्ये गुप्तचर विभागाचा एक अहवाल फुटला. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाच्या विकासदराला वर्षाला दोन ते तीन टक्के फटका बसतो, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर ११ जानेवारी २०१५ला ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना लंडनला जाताना दिल्ली विमानतळावर अडवले गेले आणि १२ मार्चला दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. अहवाल हा सरकारच्या संशयाचा कागद असतो. वहीत त्याला जागा द्या, पण ‘सिद्ध’च्या रकान्यात नको.

## पायरी ५: वार्षिक विवरण ओळीओळीने वाचा

नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी एफसी-४ नावाचे विवरण भरावे लागते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. पूर्वी ही विवरणे पोर्टलवर कोणालाही उघडता येत. जुलै २०२२मध्ये गृह मंत्रालयाने ती सार्वजनिक पानांवरून काढली. मग आता? संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘एफसीआरए’ किंवा ‘वार्षिक अहवाल’ असे पान शोधा. लेखापरीक्षित हिशेब संस्थेने तिथे किंवा सरकारी संकेतस्थळावर ठेवणे नियमानुसार अपेक्षित आहे. तिथे नसेल तर सरळ मागा (पायरी ९). २०२२पूर्वीच्या प्रती जुन्या पत्रकारांकडे आणि संशोधकांकडे सापडतात, मात्र त्यांत वर्ष आणि नोंदणी क्रमांक दिसलाच पाहिजे. कापलेल्या स्क्रीनशॉटला किंमत नाही.

कागद हाती आला की शेवटच्या पानावरच्या बेरजेकडे धावू नका. मी धावलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेबद्दल ‘वर्षभरात इतके लाख परदेशातून’ अशी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा हिशेबनीस, जुन्या बँकेतला निवृत्त माणूस, कार्यालयात आला. ओरडला नाही. खिशातून पट्टी काढली, विवरणातल्या एका ओळीखाली ठेवली आणि म्हणाला, “ही मागल्या वर्षाची शिल्लक. ही ठेवीवरची व्याजाची रक्कम. आता उरले ते वाचा.” उरले होते ते मी छापलेल्या आकड्याच्या एक-तृतीयांशही नव्हते.

तेव्हापासून मी या क्रमाने वाचतो:

१. आरंभीची शिल्लक. ही या वर्षी आलेली नाही. वेगळी लिहा.
२. व्याज आणि इतर उत्पन्न. परकीय योगदानावरचे व्याजही कायद्याने परकीय योगदानच धरले जाते, पण ते कोणा देणगीदाराने या वर्षी पाठवलेले नसते.
३. देणगीदारांची यादी. नाव, देश, व्यक्ती की संस्था, रक्कम.
४. उद्देश. सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक, असे पाच ढोबळ कप्पे असतात.
५. खर्च. प्रकल्पावर किती, प्रशासनावर किती. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. जुन्या वर्षाला नवी मर्यादा लावू नका.
६. दुसऱ्या संस्थेकडे वळते केलेले पैसे. त्याच दुरुस्तीपूर्वी ठरावीक अटींवर हे चालत असे, नंतर पूर्ण बंद झाले. २०१७च्या व्यवहारावर ‘पैसे फिरवले’ म्हणून बोट ठेवण्याआधी हे आठवा.
७. अखेरची शिल्लक. ती पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीशी जुळते का?

सातव्या मुद्द्यावर बहुतेकजण जात नाहीत. खरी गडबड असेल तर ती बऱ्याचदा तिथेच सापडते.

‘देश’ या रकान्यावर एक शब्द. जर्मनी, इटली, स्पेन असे दिसले की लोक थेट त्या देशाच्या सरकारचे नाव घेतात. गोव्यातल्या यादीत चर्चशी जोडलेल्या संस्था, शाळा आणि अनाथाश्रम पुष्कळ आहेत. त्यांचे देणगीदार बहुधा तिकडची धर्मादाय मंडळे असतात. देणगीदाराचे पूर्ण नाव लिहा, नुसता देश लिहू नका.

तपासा: तुमच्या वहीतली रक्कम = यंदाच्या देणग्यांची बेरीज. शिल्लक नाही, व्याज नाही.

## पायरी ६: खाते पाहा

२०२१पासून परकीय योगदान पहिल्यांदा फक्त एकाच ठिकाणी येऊ शकते: भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, संसद मार्गावर. तिथून संस्था ते आपल्या इतर खात्यांत वळवू शकते आणि खर्चाचे खाते पणजीत, फोंड्यात कुठेही असू शकते.

यामुळे उलटसुलट दोन चुका होतात. म्हापशाच्या बँकेतले ‘एफसीआरए खर्च खाते’ बघून ‘गुप्त परदेशी खाते सापडले’ असे म्हणणे ही पहिली. दुसरी अधिक गंभीर: २०२१नंतर परदेशी नागरिकाची देणगी थेट स्थानिक खात्यात किंवा यूपीआयवर आल्याचा पुरावा हातात असूनही ‘सगळे बँकेतून झाले ना’ म्हणून सोडून देणे. तो खरा भंग असू शकतो. दुसऱ्या रकान्यात ठळक नोंद करा.

## पायरी ७: ‘राजकीय’ हा शब्द कायद्याने कसा वापरला आहे?

एफसीआरएचे कलम ३ काही जणांना परकीय योगदान घ्यायला सरसकट मनाई करते: निवडणुकीतले उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष आणि त्यांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर. आणि नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, व्यंगचित्रकारसुद्धा. म्हणून संस्थेचा पदाधिकारी पंचायत किंवा विधानसभेला उभा राहिला असेल तर अर्ज भरल्याची तारीख आणि देणगीची तारीख शेजारी शेजारी लिहा.

उरल्या आंदोलन करणाऱ्या संस्था. केंद्र सरकार एखाद्या संस्थेला ‘राजकीय स्वरूपाची’ जाहीर करू शकते. बंद, हरताळ, रास्ता रोको करणारी संस्था त्यात बसते असे नियमांत होते. ६ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा अर्थ आवळला: सत्तेच्या राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी अशा सनदशीर मार्गांनी लढणाऱ्या संस्थेला त्या कारणावरून राजकीय ठरवता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, ८ एप्रिल २०२२ला याच न्यायालयाने २०२०च्या कडक दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि परदेशी देणगी मिळवणे हा कोणाचा हक्क नाही, असे स्पष्ट केले. एक निकाल सांगून दुसरा गाळायची सवय दोन्ही बाजूंना आहे.

पाहुणचारही विसरू नका. कलम ६नुसार आमदार, पक्षाचे पदाधिकारी, सरकारी नोकर यांनी परदेशात कोणा परदेशी संस्थेच्या खर्चाने राहायचे-फिरायचे असेल तर केंद्राची आधी परवानगी लागते. कोणा लोकप्रतिनिधीच्या लिस्बन दौऱ्याचा फोटो दिसला की विचारायचा प्रश्न एवढाच: तिकीट आणि हॉटेल कोणाच्या खिशातून?

## पायरी ८: पैसा आणि भूमिका यांचा कालक्रम मांडा, दोन्ही बाजूंचा

तिसरा रकाना भरायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. लांब कागद आडवा घ्या. वरच्या ओळीत देणग्यांच्या तारखा, खालच्या ओळीत संस्थेच्या भूमिकेच्या: पहिले पत्र, पहिली हरकत, पहिली याचिका. हरकत देणगीच्या आधीची असेल तर ‘पैशासाठी भूमिका घेतली’ हा दावा तिथेच लंगडतो. देणगीनंतर भूमिका उलटली असेल, तर विचारण्यासारखे काही आहे.

खाली आणखी एक ओळ ओढा: निर्णय कोणी आणि कशावर दिला. गोव्यातल्या खाणी मार्च २०१८मध्ये थांबल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारीच्या निकालाने, ८८ लीजांचे नूतनीकरण कायद्यात बसत नव्हते म्हणून. त्याआधी २०१२ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला होता. मोलेतल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी ९ मे २०२२ला रद्द झाली ती सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीच्या अहवालानंतर. ‘परदेशी पैशाने खाणी बंद पाडल्या’ म्हणणाऱ्याला हे दाखवावे लागेल की न्यायालयाने दिलेले कारण त्या पैशावाचून उभेच राहिले नसते. माझ्या खाणपट्ट्यातल्या मित्रांना हे वाक्य आवडत नाही. ट्रक विकावा लागलेल्या माणसाला कालक्रम शिकवणे सोपे नसते, हे मला कळते. पण त्याचे नुकसान खरे आहे म्हणून नुकसानीचे सांगितलेले कारणही खरे होत नाही.

आता तोच कागद दुसऱ्या बाजूला लावा. २००७पर्यंत सेसा गोवा या खाण कंपनीत जपानच्या मित्सुईचा ५१ टक्के वाटा होता, मग तो लंडनमध्ये नोंदलेल्या वेदांताने घेतला. २८ मार्च २०१४ला दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की वेदांताच्या उपकंपन्यांकडून, त्यांत सेसा गोवाही होती, देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही परकीय योगदान कायदा मोडला. त्यानंतर २०१६च्या वित्त कायद्याने ‘परकीय स्रोता’ची व्याख्या, अशा कंपन्यांच्या देणग्या परकीय ठरू नयेत अशी, मागच्या तारखेपासून बदलली आणि २०१८ला ती थेट ५ ऑगस्ट १९७६पर्यंत मागे नेली. ग्रामसभेत संस्थेला पैसे विचारणाऱ्या कार्यकर्त्याला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. पक्षांना २० हजार रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल निवडणूक आयोगाला द्यावा लागतो आणि तो आयोगाच्या संकेतस्थळावर असतो. उघडा आणि तीच वरची ओळ भरा.

सावधान: दुसऱ्या बाजूनेही घेतले, हे पहिल्या बाजूचे उत्तर होत नाही. दोन वेगळ्या पानांवर लिहा.

## पायरी ९: संस्थेला विचारा, मगच माहिती अधिकार

हा क्रम लोक हमखास उलटा करतात. आधी संस्थेला लेखी पत्र किंवा ईमेल पाठवा. पाचच प्रश्न: नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांची विवरणे, अमुक देणगीदाराची रक्कम व उद्देश, त्या पैशातला या आंदोलनावर झालेला खर्च आणि या विषयावर पहिली भूमिका घेतल्याची तारीख. सात दिवस द्या. चांगली संस्था तीन दिवसांत कागद देते. टाळाटाळ झाली तर तीही वहीत, पण ‘उत्तर दिले नाही’ एवढ्याच शब्दांत.

मग माहिती अधिकार. एफसीआरए केंद्राचा विषय आहे, म्हणून अर्ज गृह मंत्रालयाच्या एफसीआरए शाखेकडे, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून, १० रुपये भरून. पर्वरीच्या सचिवालयात टाकलेला अर्ज आठवडे फुकट घालवतो. सोसायटीची घटना हवी असेल तर मात्र राज्याकडेच, जिल्हा निबंधकांकडे.

‘सदर संस्था देशविरोधी कारवाया करते काय?’ असे विचारू नका. मत मागितले की अर्ज फेटाळला जातो. कागद मागा: ‘नोंदणी क्रमांक अमुक असलेल्या संस्थेच्या २०२१-२२ ते २०२३-२४ या वर्षांच्या एफसी-४ विवरणांच्या प्रती’ किंवा ‘या संस्थेला कलम १३ वा १४खाली (निलंबन वा नोंदणी रद्द) काढलेल्या आदेशांच्या प्रती’. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. गुप्तचर विभागाला या कायद्यातून बहुतांशी सूट आहे, तिथे टपालखर्च करू नका.

## पायरी १०: छापणे किंवा तक्रार करणे

तीन रकाने पुढे ठेवा आणि जेवढे भरले तेवढेच लिहा. फक्त पहिला भरला: ‘संस्थेला अमुक वर्षी अमुक देणगीदाराकडून इतकी रक्कम मिळाली, संस्था नोंदणीकृत आहे.’ दुसराही भरला: कोणते कलम, कोणता कागद, संस्थेचे म्हणणे काय. ‘देश विकला’, ‘एजंट’ हे शब्द टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि व्हॉट्सअॅप गटात पुढे ढकललेला मजकूरही तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

भंगाचा पुरावा असेल तर तक्रार गृह मंत्रालयाच्या एफसीआरए शाखेकडे, कागदांच्या प्रतींसह. नोंदणीकृत टपालाने पाठवा, पोचपावती वहीला चिकटवा. कायद्यात तपासणी, निलंबन, नोंदणी रद्द करणे आणि पाच वर्षांपर्यंत कैद अशा तरतुदी आहेत, म्हणून नाव किंवा क्रमांक चुकीचा टाकला तर भलत्याच अनाथाश्रमाच्या दारात नोटीस जाऊ शकते. पायरी ३ पुन्हा एकदा करा, मगच पाकीट बंद करा.

आरोप तुमच्याच संस्थेवर असेल तर हेच सगळे उलट्या बाजूने: पुढच्या ग्रामसभेला जाताना तीन वर्षांची विवरणे छापून न्या, दहा प्रती. माईकवर भाषण करू नका, प्रती वाटा.

छापून झाल्यावरही एक काम उरते. पोर्टलवरची स्थिती बदलत राहते. आज नोंदणीकृत असलेली संस्था मार्चमध्ये संपुष्टात आलेल्यांच्या यादीत असू शकते, आणि उलटही. म्हणून मजकुरात ‘नोंदणीकृत आहे’ असे मोघम न लिहिता ‘अमुक तारखेला पोर्टलवर नोंदणीकृत दिसत होती’ असे लिहा आणि सहा महिन्यांनी ते पान पुन्हा उघडायची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर टाकून ठेवा.